दोरीचं विमान नाक बाहेर काढून तिरकं उडतंय, रडर अजून वळवू का? (कंट्रोल लाइन, अमळनेर)

बोरीकाठ – रविवार, सकाळी १०:१५

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसता वाचत होतो. आज अडलो म्हणून लिहितोय.

मी आयटीआय फिटर, राहणार अमळनेर. गेल्या दिवाळीपासून भाच्याला घेऊन कंट्रोल लाइन विमान करतोय. ज्यांनी फक्त रिमोटची विमानं पाहिलीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यात रेडिओ नसतो. दोन स्टीलच्या तारा विमानाच्या डाव्या पंखातून निघून आपल्या हातातल्या हँडलला येतात. आपण मधे उभे, विमान आपल्याभोवती गोल. मनगट वर-खाली केलं की तारेनं पंखातली बेलक्रँक (तारा जोडलेली फिरती पट्टी) फिरते आणि ती एलिव्हेटर, म्हणजे शेपटीची आडवी पट्टी, वर-खाली हलवते. तार ताठ असेल तोवर विमान आपलं, तार ढिली पडली की ते कुणाचंच नाही.

विमान बाल्साचं. पंख टोकापासून टोकापर्यंत ११० सेंमी, वजन बॅटरीसकट ६०० ग्रॅम. ब्रशलेस मोटर, नऊ बाय सहाचा प्लास्टिक प्रॉप (नाकावरचा पंखा). तारा १५ मीटरच्या, सात पदरी, ०.३८ मिमी. एक फेरी ५.४ सेकंदांत होते.

दुखणं असं आहे. सरळ उडताना नाक वर्तुळाच्या बाहेर आणि शेपूट आत. गाडी घसरत चालावी तसं तिरकं जातं. वर खेचलं की नाक आणखी बाहेर झटकतं आणि शेपूट एकदा हलवून परत येतं. लूपच्या माथ्यावर तर हँडलमध्ये काही जाणवतच नाही. काल दोनदा मागे पळून तार ताणावी लागली. भाचा घाबरलाय, आता हँडल हातात घेत नाही. विमानापेक्षा मला त्याचंच जास्त लागलंय.

तार ढिली पडते म्हणून मीच आधी रडर (उभ्या शेपटीची मागची पट्टी) बाहेर वळवला, मग मोटर वळवली, मग आणखी रडर. दर वेळी वाटलं, आता ताठ होईल. अजून वळवू का?

सातपुडा_७० – रविवार, दुपारी १२:०२

दादा, आम्ही शहाद्याला डिझेल इंजिनवर उडवायचो. एरंडेल तेल, रॉकेल आणि ईथर, तिन्ही जवळपास सारखं. हाताचा वास दोन दिवस जायचा नाही. त्या काळी आम्हाला एकच शिकवलं होतं, तार ढिली तर रडर बाहेर. मीही तेच सांगेन. अजून पाचेक मिमी वळवून बघा.

मेहरूण – रविवार, रात्री ९:४०

बोरीकाठ दादा, कृपा करून रडर आणखी वळवू नका. नाना, तुमचा मान राखून सांगते, हा सल्ला आम्हालाही मिळाला होता आणि त्यापायी माझं एक विमान जमिनीत गेलंय.

मी कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये होते. अखिल भारतीय वायुसैनिक शिबिराच्या तयारीसाठी कंट्रोल लाइन उडवली आणि तेव्हापासून हे वेड सुटलेलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, तारेचा ताण कुठून येतो? तो वेगातून येतो. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले त्रिज्या. तुमची त्रिज्या तार, हात आणि अर्धा पंख मिळून १६ मीटर धरू. ५.४ सेकंदांची फेरी म्हणजे सेकंदाला १८.६ मीटर, तासाला ६७ किमी. ताण येतो १३ न्यूटन, म्हणजे साधारण १.३ किलो. आता मोटर बघा. सरळ उडताना ती ३०० ग्रॅमची ओढ देते असं धरलं आणि तुम्ही तिला ३ अंश बाहेर वळवलं, तर बाहेरच्या बाजूला मिळतात १६ ग्रॅम. १३०० पुढे १६. रडरही थेट ताण देत नाही, तो फक्त नाक वळवतो. नाक वळलं की अंग आडवं येतं, हवेचा अडथळा वाढतो आणि वेग पडतो. मघाचं सूत्र आठवा. त्यात वेगाचा वर्ग आहे. म्हणजे ताण वाढवायला गेलात आणि ज्याच्यातून ताण येतो तोच कापून बसलात.

माथ्यावर तर आणखी वाईट. डोक्यावर विमान असताना त्याचं वजन तुमच्याकडे ओढतं. १.३ मधून ०.६ गेले की उरले ७०० ग्रॅम, तेही वेग टिकला तर. नाक सरळ ठेवण्याचं मोठं काम तार करत असते. तिचा जोर निम्म्यावर आला, रडर मात्र वेग आहे तोवर तितकाच ढकलतो, मग नाक कुठे जाणार? तुमच्या विमानाचं नेमकं तेच होतंय, असं मला वाटतं.

पण अंदाजावर कापाकापी नको. मला मापं द्या. रडरची मागची कड मध्यरेषेपासून किती मिमी बाहेर आहे. मोटर किती अंश. गुरुत्वमध्य कुठे येतो आणि पंखाच्या टोकाला दोन तारा जिथून बाहेर पडतात त्या भोकांचा मध्य त्याच्या किती मागे आहे. बाहेरच्या पंखात वजन किती घातलंय. आणि पंखाला वरून कोणता रंग, खालून कोणता?

पांझरेकर – रविवार, रात्री १०:२१

भो, ताईनं बरोबर सांगितलं. आमच्याकडे धुळ्यात म्हणतो तसं, दोऱ्या ढिल्या पडन्यात का इमान आपलाच आंगवर येस.

एक वेगळंच विचारतो. उडवता कुठे? वर विजेची तार आहे का? या तारा स्टीलच्या आहेत. शेतातून जाणारी ११ केव्हीची लाइन दिसली की मी गाडीतून हँडलच काढत नाही. विमान गेलं तर नवं करता येतं. आभाळ गडगडत असेल तेव्हाही तसंच, दूर ढग दिसला तरी तारा गुंडाळायच्या.

बोरीकाठ – सोमवार, रात्री ८:५५

पांझरेकर भाऊ, जागा मोकळी आहे. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून रान सपाट केलंय, चुलतभावाचंच आहे. विजेची लाइन लांब आहे, पावलांनी मोजली तर दोनशेवर भरली. काळ्या मातीला भेगा पडल्यात म्हणून विमान हातातून सोडतो, चाकांवर पळवत नाही.

ताई, सगळं व्हर्नियरनं मोजलं. रडर १२ मिमी बाहेर. मोटर ३ अंश. ताराची भोकं गुरुत्वमध्याच्या मागे ६ सेंमी. ती नळ्या बसवून पक्की चिकटवलीत. कुठल्याशा नकाशात तशी होती, पण तो नकाशा माझ्या विमानापेक्षा बराच मोठा होता हे आज मोजताना लक्षात आलं. बाहेरच्या पंखात ३५ ग्रॅम शिसं. तापीवर मासे धरणाऱ्यांकडून जाळ्याच्या गोळ्या आणल्यात.

पंख वरून पिवळा, खालून लाल. रंगाचं काय काम?

मेहरूण – सोमवार, रात्री ११:०५

रंगाचं मोठं काम आहे, शेवटी सांगते.

आधी भोकं. हवेच्या अडथळ्यानं तारा सरळ राहत नाहीत, मागे झुकून कमान धरतात. म्हणून पंखाच्या टोकाला तार थेट तुमच्याकडे येत नाही, थोडी मागे झुकूनच निघते. गुरुत्वमध्यापासून भोकांपर्यंतची रेघ याच कोनात असली तर तारेची ओढ नाकाला कुठेच वळवत नाही. म्हणून भोकं गुरुत्वमध्याच्या मागे हवीत हे खरं, पण किती मागे? तुमची तार, जाडी, वेग आणि वजन धरून मी हिशोब केला. कोन ३ अंशांच्या आतबाहेर येतो. मध्यरेषेपासून टोक ५५ सेंमी, म्हणजे भोकं हवीत साधारण ३ सेंमी मागे. तुमची ६ सेंमी, कोन सहा अंशांच्या वर. म्हणजे रडर आणि मोटर बाजूला ठेवली तरी नुसत्या भोकांमुळे नाक ३ अंश बाहेर जायलाच बसलंय. त्यावर १२ मिमी रडर, त्यावर मोटर. तिन्ही एकाच बाजूला ओढतायत.

खात्री घरातच करता येईल. दाराच्या चौकटीला खिळा ठोका आणि विमान त्याच दोन तारांनी टांगा, आतला पंख वर आणि बाहेरचा खाली. ते लटकेल तेव्हा गुरुत्वमध्य बरोब्बर भोकांच्या खाली येतो. आता बाजूने बघा, अंग आडवं असेल पण नाक खाली झुकलेलं दिसेल. मोबाइलमधलं कोन मोजायचं अ‍ॅप अंगावर ठेवा. सहा दाखवेल. आपल्याला तीन हवेत.

आता रंग. तुम्ही ज्याला तिरकं म्हणताय त्यातलं सगळंच नाकाचं वळण नाही, काही पंखाचं कलणंही असणार. मधे उभं राहून हे दोन वेगळे ओळखता येत नाहीत. मीही वर्षभर गल्लत केली. विमान डोळ्याच्या उंचीला सरळ उडवा. पंखाचं टोक नुसती रेघ दिसायला हवं. लाल दिसला तर बाहेरचा पंख खाली कललाय, पिवळा दिसला तर वर उचललाय. मग उलटं उडवून तेच बघा. उलट्यात लाल वरच्या बाजूला असतो, हे ध्यानात ठेवा. सरळ आणि उलटं, दोन्हीत एकच रंग दिसला तर पंखाला पीळ आहे. कारण पीळ विमानाबरोबर उलटतो. रंग बदलला, म्हणजे सरळ असताना लाल आणि उलटं असताना पिवळा, तर दोन्ही वेळा बाहेरचाच पंख खाली जातोय, आणि ते वजनाचं काम. वजनाला वर-खाली कळत नाही, ते नेहमी जमिनीकडेच जातं.

भाच्याला तुमच्या पाठीशी उकिडवं बसवा आणि मोबाइलवर स्लो मोशन काढायला सांगा. हँडल नको म्हणतो ना, हे काम तरी करेल.

सातपुडा_७० – मंगळवार, सकाळी ७:३०

मेहरूण ताई, पंचवीस वर्षं उडवलं पण रंगाची ही युक्ती कुणी सांगितली नव्हती. माझा रविवारचा सल्ला मागे घेतो. आमची विमानं जड होती आणि इंजिन जोरकस, म्हणून चूक झाकली जायची, असं आता वाटतं.

बोरीकाठ – बुधवार, रात्री ९:१०

टांगून पाहिलं. मोबाइलनं साडेसहा दाखवले. मी दारातच उभा राहिलो काही वेळ. इतके दिवस ज्याच्यामागे धावत होतो ते घराच्या चौकटीत स्थिर लटकलं होतं.

आज पहाटे सहाला रानात गेलो. नंतर वारा सुटतो. भाच्यानं व्हिडिओ काढला. सरळ असताना लाल, चांगला दोन बोटं. उलट्यात पिवळा, तितकाच.

म्हणजे वजन जास्त?

मेहरूण – बुधवार, रात्री ९:४८

हो, वजन जास्त. पीळ नाही, ही तुमच्या बांधणीची पावती समजा.

बाहेरच्या पंखात वजन घालायचं कारण एवढंच की आतल्या पंखाला तारांचा भार वाहावा लागतो. तुमच्या दोन्ही तारा मिळून वीसेक ग्रॅम, त्यातला निम्मा भार विमानाकडे. त्यात बेलक्रँककडून टोकाला जाणाऱ्या तारांचा थोडा भार धरा. ३५ ग्रॅमची गरजच नाही. आणि कॉर्नरला, म्हणजे विमान एकदम वर-खाली वळवताना, ते वजन कित्येक पट होतं. वर खेचलं की बाहेरचा पंख खाली आपटतो, विमान कलतं, त्यातून नाकही हलतं. तुम्हाला जे शेपूट हलवणं दिसतं त्यात याचाही वाटा असणार.

आता क्रम. हा पाळा, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार नाही. एका उड्डाणाला एकच बदल. पहिल्यांदा भोकं. नळ्या काढा, टोकाला तीन मिमी प्लायची पट्टी बसवा आणि तिला पाच-पाच मिमीवर भोकांची ओळ पाडा. भोकात बुटाच्या लेसची पितळी आयलेट घाला, नाहीतर तार प्लाय कापत जाते. साडेतीन सेंमीवर सुरू करा, तीनवर एकदम नको. मग रडर ३ मिमी. मग मोटर १ अंश. हे झाल्यावर शिसं, एका वेळी तीन-चार ग्रॅम काढत जा, रंग दिसेनासा होईपर्यंत. शेवटी भोकं परत एकदा पुढे-मागे करून बघा, कारण वजन बदललं की गुरुत्वमध्यही थोडा सरकतो.

सोडताना काळजी घ्या. वारा तुमच्याकडून विमानाकडे वाहतो त्या बाजूला सोडा, म्हणजे वारा विमानाला बाहेर ढकलेल. हँडलची वादी मनगटात. ढिलं पडलं तर एलिव्हेटरशी झटापट नको, ढिल्या तारेत मनगट फिरवून काही होत नाही. सरळ मागे पळा.

पांझरेकर – गुरुवार, दुपारी १:१५

ताईच्या यादीत एक भर. कोणत्या हवेत जुळवलं ते वहीत लिहून ठेवा. जानेवारीच्या पहाटे १२ अंशांना जी हवा असते ती मे महिन्यात ४४ अंशांना दहा टक्के विरळ होते. प्रॉपची ओढ, रडरचा जोर, तारेची कमान, सगळं थोडं सरकतं. मी डिसेंबरात अगदी नीट जुळवलेलं विमान एप्रिलात उडवलं तर परकं वाटलं. तेव्हापासून वहीत तारखेशेजारी तापमान लिहितो.

साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. आपल्या भागात वाऱ्याला तोटा नाही. पश्चिमेचा वारा सुरू झाला की सकाळचे दोन तास सोडून विमान जुळवायला बसू नका. वाऱ्यात दिसलेली चूक विमानाची की वाऱ्याची, हे ठरवता येत नाही.

बोरीकाठ – सोमवार, रात्री १०:३०

ताई, पांझरेकर भाऊ, नाना, मनापासून आभार. चार दिवस उशिरा लिहितोय, कारण सगळं क्रमानंच केलं.

भोकं साडेतीनला आणल्यावर पहिल्याच फेरीत हँडल वेगळं लागलं. आधी तार हातात थरथरत असायची, आता ओढ एकसारखी. रडर ३ वर आणला तेव्हा छातीत धडधड होती, वाटलं आता आत येणार. आलं नाही. उलट फेरी ५.४ वरून ५.१ झाली. तुमच्या सूत्रात घालून बघितलं, ताण १.३ वरून जवळजवळ १.५ किलो. रडर कमी केला आणि तार जास्त ताणली गेली! हे मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं असतं तर पटलं नसतं.

शिसं ३५ वरून १८ वर आलं. त्याच्या खाली गेलो तर सरळ असताना पिवळा डोकावायला लागला, म्हणून परत १८. आता सरळ आणि उलटं, दोन्हीकडे नुसती रेघ.

एक राहिलंय. वर खेचताना नाक किंचित बाहेर जातं, ठीक आहे. पण खाली दाबताना, म्हणजे बाहेरच्या लूपला, नाक किंचित आत येतं आणि तार क्षणभर हलकी होते. दोन्हीकडे सारखं असतं तर आणखी काही वळवलं असतं. उलटसुलट आहे म्हणून हात लावला नाही.

मेहरूण – मंगळवार, सकाळी ६:५०

हात लावला नाहीत हे फार चांगलं केलंत. हा प्रॉपचा गुण आहे. फिरता प्रॉप म्हणजे भोवराच. मागून बघता तो घड्याळाच्या दिशेनं फिरत असेल तर नाक वर उचलताना ते उजवीकडे, म्हणजे आपल्या बाबतीत बाहेर वळतं, आणि खाली दाबताना डावीकडे, आत. रडर पक्का वळवून हे जाणार नाही, कारण एका बाजूचं बरं होईल आणि दुसऱ्या बाजूचं बिघडेल. अमेरिकेतल्या अ‍ॅल रेब यांनी यासाठी एलिव्हेटरला जोडलेला हलता रडर वापरला, तो त्यांच्याच नावानं ओळखला जातो. तुमच्या आकाराच्या विमानाला तेवढं नको. प्लास्टिकच्या जागी त्याच मापाचा हलका लाकडी प्रॉप लावा. भोवरा हलका, तर झटकाही हलका.

दुसरा मार्ग विजेच्या मोटरलाच जमतो. तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करा, मोटर उलटी फिरेल, आणि उलट्या फिरणीचा प्रॉप लावा. मग खाली दाबताना नाक बाहेर जातं आणि आत यायचा कल वर खेचताना येतो. काहींना तेच बरं वाटतं. पण आधी लाकडी.

बोरीकाठ – मंगळवार, रात्री ८:२०

लाकडीच लावतो. उलट्या फिरणीत प्रॉपचं नट सुटण्याच्या बाजूला जातं, साधा उजवा आटा आहे. ज्यांना तो मार्ग करायचा असेल त्यांनी लॉकनट लावल्याशिवाय मोटर चालू करू नका.

आणि एक. आज संध्याकाळी वारा पडल्यावर भाच्यानं हँडल मागितलं. मी मागे हात धरून उभा होतो, पण धरायची वेळ आली नाही. सोळा फेऱ्या सरळ, मग स्वतःहून एक लूप. माथ्यावर म्हणाला, मामा, तार लागतेय हाताला.

पांझरेकर – मंगळवार, रात्री ८:४१

भो, वाचून जीव खूश झाला. माझ्याकडे नऊ इंची लाकडी प्रॉप दोन पडलेत, रविवारी पहाटे निघून घेऊन येतो. तारांचा जादा जोडही आणतो. पट्टीवरची आयलेट तेवढी बघून ठेवा, आठ-दहा उड्डाणांनंतर पितळेला खाच पडते.